तांब्यावरची वाटी

30 सप्टेंबर, पहाटे सव्वाचार

आता झोप येणार नाही. पावणेचारला हॉलमध्ये ठणकन वाटी पडली आणि घर जागं झालं. भूकंप वगैरे काही नव्हता, आत्याचाच पाय लागला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ती पुण्यात माझ्याकडे आहे. रोज रात्री उशाशी तांब्या, तांब्यावर पालथी वाटी. जमीन हलली की वाटी वाजते. हे यंत्र 1993 पासून चालू आहे. अकराव्या मजल्यावरून पळणार कुठं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

त्या वर्षी 29 तारखेला अनंत चतुर्दशी होती. मी सहा वर्षांचा, विसर्जन बघायला औशाला आत्याकडे आलेलो. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीजवळचं आमचं गाव बसलं. दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून ज्याचं कौतुक, तेच झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आई, बाबा, धाकटी बहीण. याच्यापुढे लिहायला गेलो की वाक्यं खोटी वाटतात, सोडतो.

भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी तेव्हा भूकंपाच्या भागातली बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. मलाही पाठवावं असं घरात चाललं होतं. आत्याची स्वतःची तीन, मामांचा पगार बेताचा. आत्या एवढंच म्हणाली, "चौथं ताट लावलंय मी." तिथंच विषय संपला.

गाव मात्र गप्प बसेना. मदतीचे पैसे माझ्या नावावर बँकेत होते, त्यावर हिचा डोळा आहे म्हणे. आत्यानं कुणाशी भांडण काढलं नाही. दर पाडव्याला ती सगळ्यांसमोर पासबुक माझ्या हातात द्यायची. "वाच. मोठ्यानं." शेजारच्या काकू फराळाला आलेल्या असल्या तर त्यांनाही बसवून घ्यायची. एकं, दहं, शतं मी शाळेआधी त्या पासबुकावर शिकलो. भयंकर राग यायचा. तिची पोरं अंगणात फटाके उडवतायत आणि मी व्याज वाचतोय! एका वर्षी मुद्दाम एक शून्य गाळलं. कानाखाली बसली. तिला अक्षरओळख नाही, पण मागच्या वर्षीचा आकडा पाठ होता.

अठरा भरल्यावर तिनंच बँकेत नेलं. इतकी वर्षं जिथं तिचा अंगठा होता, तिथं माझी सही आली. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. पैसे तिनंच दिले, हे आज लिहिताना आठवलं.

मघाशी वाटी पडली तेव्हा काळा चष्मा सारखा करत ती आम्हाला बोटानं मोजत होती. "तीनच हायत. बारकी कुठाय?"

मुलगी उठलीच नव्हती. "झोपलीय," म्हटलं, तर ऐकेना. शेवटी तिला तशीच उचलून आणून दाखवली. आत्यानं चाचपून तिचा पाय धरला आणि मगच पाठ टेकली.

वाटी सोफ्याखाली कुठंतरी घरंगळलीय. बाहेरून दोनदा विचारून झालं, सापडली का.