मुठेकाठची ॲलिगेटर वीड : तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मुठेच्या पात्रातील ज्या हिरव्या पट्ट्याला मी कांचरी (तशीच दिसणारी, तिच्याच जातकुळीतली वनस्पती) म्हटले होते, ती कांचरी नसून दक्षिण अमेरिकेतून आलेली पाणवनस्पती ॲलिगेटर वीड, म्हणजेच आल्टर्नँथेरा फिलोक्झेरॉइडिस आहे. जानेवारीत फुले नसताना केवळ समोरासमोरच्या पानांवरून मी नाव ठरवून मोकळा झालो होतो.

फेब्रुवारीअखेर फुले आली आणि शंका फिटली. कांचरीचे पांढरे गुच्छ देठाशिवाय थेट पानांच्या बगलेत चिकटलेले असतात. येथे मात्र कागदासारखे कोरडे, गोल गुच्छ तीन-चार सेंटिमीटरच्या स्वतंत्र दांड्यावर उभे होते. दहापट भिंगातून पाहिल्यावर पाचही पुंकेसरांवर परागकोश दिसले, तर कांचरीत ते सहसा तिघांवरच असतात. पाण्यावर पसरलेले जाड खोड आडवे कापले असता आतून पोकळ निघाले, पण काठावरच्या कोरड्या मातीतील फांद्या बारीक आणि जवळजवळ भरीव होत्या, त्यामुळे केवळ पोकळ खोडावर विसंबून ओळख पक्की करू नये. शेजारीच वाढलेल्या पर्सिकेरिया या दुसऱ्या वनस्पतीची पाने एकाआड एक असतात आणि प्रत्येक पेराला पातळ पापुद्र्याची नळी वेढलेली असते, म्हणून तिच्याशी गल्लत होण्याचे कारण नाही.

कांचरीशी गल्लत करणारा मी पहिला नाही, एवढेच समाधान. श्रीलंकेत कांचरीची भाजी ‘मुकुनुवेन्ना’ म्हणून खातात आणि ऑस्ट्रेलियातील श्रीलंकन कुटुंबांच्या परसात त्याच नावाखाली चक्क ॲलिगेटर वीड वाढवली जात असल्याचे आढळले होते.

नमुना म्हणून आणलेला एका पेराचा बोटभर तुकडा पेल्यातल्या पाण्यात ठेवला, तर आठवड्याच्या आत त्याला मुळे आणि दोन कोंब फुटले. मूळ प्रदेशाबाहेर ही वनस्पती रुजणारे बी क्वचितच धरते. तिचा सारा प्रसार अशा तुकड्यांतून होतो. म्हणूनच नमुना घेताना तुटलेली फांदी पाण्यात पडू देऊ नये, आणि काम संपल्यावर ती मोरीत किंवा कुंडीत न टाकता गच्चीवर कडकडीत वाळवून जाळावी. माझ्या पिशवीच्या तळाशी दोन पेरे राहून गेली होती, ती चार दिवसांनीही हिरवीच होती.

काठावरच्या तीन जागा खुणा करून ठेवल्या आहेत. खडकवासल्यातून पावसाळी विसर्ग सुरू झाला की तरंगता थर तुटून वाहून जाईल. गाळात रुजलेला भाग त्यानंतर किती उरतो, ते पुढच्या नोंदीत मोजून लिहीन.