टप उघडणारी गाडी: इंग्लंडची यादी आणि ठाण्याचा पाऊस

इंग्लंडमध्ये जुन्या कन्व्हर्टिबलची जाहिरात वाचायला घेतली की पहिल्या दोन ओळींतच तापणाऱ्या सीट येतात. मागोमाग तापणारं स्टिअरिंग. मर्सिडीजची एसएलके असेल तर ‘एअरस्कार्फ’, म्हणजे सीटच्या वरच्या झरोक्यातून मानेवर गरम हवा सोडणारी सोय. इथली, म्हणजे इंग्लंडातली, माणसं त्यासाठी खुशीनं जास्त पैसे मोजतात, कारण मार्चच्या गारठ्यातसुद्धा जरा ऊन पडलं की त्यांना टप उघडायचा असतो. हीच यादी घेऊन ठाण्यात कुणी गाडी निवडली, तर थंडीचे पैसे भरून उकाड्यात बसेल.

ठाणे-नवी मुंबईच्या सेकंडहँड बाजारात अशा गाड्या मोजक्याच: बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीजची एसएलके आणि तिचंच पुढचं नाव एसएलसी, ई-क्लास कॅब्रिओले, ऑडी ए३ कॅब्रिओले, मिनी कन्व्हर्टिबल, अधूनमधून पोर्शे बॉक्स्टर. इंग्लंडात याच गाड्या गल्लोगल्ली उभ्या असतात, स्टिअरिंगही उजवीकडेच. त्यामुळे म्हातारपणी त्या कुठे कुरकुरतात हे इथल्या गॅरेजवाल्यांना पाठ आहे. खालचं सगळं त्या जोरावर लिहिलंय, हिशेब मात्र ठाण्याच्या हवेचा.

“तिकडे स्वस्त मिळतात ना, मग एखादी पाठवून द्या की” हा प्रश्न आधीच निकालात काढू. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि सीमाशुल्क गाडीच्या किमतीलाही मागे टाकतं. दहा वर्षांची स्वस्त झेड४ कंटेनरमध्ये घालून न्हावाशेव्याला उतरवायचं स्वप्न तिथेच संपतं. गाडी भारतातलीच शोधायची.

सगळ्यात मोठा निर्णय टपाचा: पत्र्याचा की कापडी? इंग्लंडात हा बराचसा आवडीचा मामला आहे. कापडी टप दिसायला देखणा, हलका, आणि मिटल्यावर डिकीत कमी जागा खातो. ठाण्यात मात्र आधी पार्किंग बघा. गाडी पोडियमच्या आत, छपराखाली उभी राहणार असेल तर कापडी टप चालेल. उघड्यावर, आंब्याच्या किंवा गुलमोहराच्या झाडाखाली राहणार असेल तर नको. चीक, कावळ्यांची विष्ठा आणि उबेला येऊन बसणारं सोसायटीचं मांजर, या तिघांपुढे कापड टिकत नाही. मांजर नुसतं बसत नाही, नखंही घासतं.

पत्र्याचा घडीचा टप हवा असेल तर तो जुन्या बाजारातच मिळेल. कंपन्या एकेक करून कापडाकडे परतल्या आहेत: २००९ ते २०१६ ची झेड४ पत्र्याच्या टपाची होती, तिच्या पुढच्या पिढीला कापड आलं, एसएलसीचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. पत्र्याची किंमत डिकीत मोजावी लागते. त्या झेड४ ची डिकी टप बंद असताना ३१० लिटर, उघडल्यावर १८० लिटर. २०११ नंतरच्या एसएलकेत हेच आकडे ३३५ आणि २२५. म्हणजे टप उघडा ठेवून दोघांची लोणावळ्याची बॅग बसते, गणपतीला गावी जायचं सामान बसत नाही. डिकीत एक आडवा पडदा असतो. तो जागेवर अडकवलेला नसेल तर टप हलतच नाही. “टप बिघडलाय” म्हणून स्वस्तात निघालेल्या गाडीत एखादे वेळी एवढंच निघतं. तेव्हा घासाघीस करण्याआधी पडदा बघा, निदान विकणाऱ्याच्या आधी तुम्हाला तरी कळेल.

खरा बिघाड मात्र महाग असतो. बऱ्याच गाड्यांत टप हायड्रॉलिकवर चालतो: पंप, तेलाची छोटी टाकी, नळ्या आणि सिलिंडर. सिलिंडरची सीलं वयानं कडक होतात आणि तेल झिरपतं. त्याचे डाग डिकीच्या बाजूच्या अस्तरावर दिसतात. मर्सिडीजच्या जुन्या सीएलकेमध्ये तर पुढचं सिलिंडर काचेच्या वरच्या पट्टीत असतं, त्यामुळे गळती थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर. पत्र्याच्या झेड४ ला आणखी एक खोड आहे. डिकीच्या बिजागरीपाशी वायरिंग दर उघडमिटीला वाकतं आणि काही वर्षांनी आतल्या वायरी तुटतात. टप मध्येच थांबतो, कधी डिकीचं लॉकही ऐकेनासं होतं. जाणकार इलेक्ट्रिशियन तेवढा तुकडा नवीन लवचीक वायरनं जोडून देतो. न बघताच पंप बदलायला सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत घ्या.

टप तपासताना इंजिन चालू ठेवा, कारण पंप खूप करंट ओढतो आणि बॅटरी कमजोर असेल तर चांगला टपही अर्ध्यात अडतो. मोबाइलवर सेकंद मोजा. पत्र्याच्या झेड४ ला साधारण २० सेकंद, २००४ ते २०११ च्या एसएलकेला २२, ऑडी ए३ ला १८. तीस-पस्तीस लागत असतील तर तेल कमी आहे किंवा पंप थकलाय. दोन्ही बाजू एकदमच वर यायला हव्यात. एक बाजू मागे राहिली तर त्या बाजूचं सिलिंडर संशयित. हे एकदा थंड गाडीवर करा आणि अर्धा तास उन्हात उभी करून पुन्हा करा. विकणारा “कालच सर्व्हिस केलीय, उगाच कशाला” म्हणाला तर दुसऱ्यांदा नक्की करा. जमलं तर स्कॅनर लावून टपाच्या मॉड्यूलमधले एरर कोड वाचून घ्या, पुसू देऊ नका.

इंग्लंडातला कुठलाही अनुभवी खरेदीदार टपाआधी पाणी बघतो. लंडनमध्ये वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात जुलै एकटाच पुष्कळदा तेवढा ओततो. आणि पाणी कापडातून क्वचितच शिरतं. टप जिथे घडी होऊन बसतो त्या खोबणीत दोन्ही टोकांना निचऱ्याची भोकं असतात, तिथून नळी खाली जाऊन मागच्या चाकाच्या आसपास बाहेर निघते. पानं, माती, कापडाचे सुटलेले धागे तिथे साचतात, पाणी तुंबतं आणि आत वळतं. २००२ ते २००८ च्या कापडी झेड४ मध्ये टपाची मोटर याच खोबणीत बसवली होती, त्यामुळे भोक तुंबलं की मोटर बुडायची. जुन्या बॉक्स्टरमध्ये पाणी सीटखालच्या इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) डब्यापर्यंत जायचं आणि गाडी सुरूच व्हायची नाही.

तपासायला लागतं फार थोडं: एक लिटरची पाण्याची बाटली आणि दोन मिलिमीटर जाडीचा तंगूस, मासेमारीचा असतो तो. टप अर्धा उघडून प्रत्येक बाजूच्या खोबणीत सावकाश अर्धा लिटर पाणी सोडा आणि एकाला खाली वाकून बघायला सांगा. काही सेकंदांत मागच्या चाकापुढे धार लागली पाहिजे. थेंबथेंब आलं तर तंगूस हलक्या हातानं आत सारून फिरवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुनी नळी आतल्या जोडावरून निसटते आणि मग पाणी कायमचं गाडीत. एवढं झालं की मॅट उचलून कार्पेटखालच्या फोमवर तळवा जोरात दाबा. वरून कोरडं कार्पेट खालून ओलं असू शकतं. सीटच्या पायांचे बोल्ट गंजलेले दिसले, किंवा दार उघडल्या उघडल्या सुगंधी फवाऱ्याचा भपकारा आला, तर समजून जा.

त्यानंतर रबर. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला बीडिंग म्हणतात ते कन्व्हर्टिबलमध्ये नेहमीच्या गाडीच्या दुप्पट महत्त्वाचं, कारण दारांच्या काचांना चौकट नसते. दाराची मूठ ओढली की काच साधारण सेंटीमीटरभर खाली सरकते, दार बंद झालं की वर जाऊन बीडिंगमध्ये रुतते. हे नीट बघा, कान लावून ऐका. काच खाली न सरकता दार उघडलं तर ती बीडिंग फाडत बाहेर येते. बॅटरी पूर्ण मेलेल्या गाडीचं दार जोरात ओढून उघडणारे हेच करतात. बीडिंगला दोन-तीन महिन्यांनी सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. पेट्रोलियम जेली किंवा साधं ग्रीस अजिबात नाही, त्यानं रबर फुगतं. पाम बीच रोडच्या कडेला, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांनी टपाचे खटके आणि बिजागऱ्याही त्याच वेळी पुसून घ्याव्यात.

आता फीचर्सची यादी उलटी करू. तापणाऱ्या सीट, एअरस्कार्फ, तापणारं स्टिअरिंग: असले तर असू देत, एक रुपया जास्त देऊ नका. त्याऐवजी हवा खेळणाऱ्या सीट मिळाल्या तर घ्या. चामडं फिकट बघा. बीएमडब्ल्यूनं काही कन्व्हर्टिबलमध्ये ऊन परावर्तित करणारं चामडं दिलं होतं, ते काळ्या रंगातही कमी तापतं. मे महिन्यात दुपारी काळ्या साध्या चामड्यावर हाफ पँट घालून बसायचा प्रयोग कुणी करू नये. एसी टप बंद ठेवून तीन हात नाक्यासारख्या गर्दीत तपासायचा, मोकळ्या रस्त्यावर नाही.

चालत्या गाडीत टप बंद करता येणं ही सोय इंग्लंडात मिरवायची, ठाण्यात गरजेची. जुन्या ई-क्लासमध्ये हे ताशी ४० किलोमीटरपर्यंत होतं, ऑडी ए३ मध्ये ५० पर्यंत, मिनीमध्ये ३० पर्यंत. एसएलसीत ४० पर्यंत चालतं, पण सुरुवात उभ्या गाडीतच करावी लागते. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस बेलापूरहून वाशीकडे येताना गाठतो तेव्हा हा फरक कळतो. मिनीत आणखी एक गमतीशीर सोय आहे: पूर्ण टप न उघडता पुढचा ४० सेंटीमीटर भाग सनरूफसारखा सरकतो. ठाण्याच्या धुळीत कदाचित तोच जास्त वापरला जाईल.

मोठ्या चाकांचा मोह सोडा. १९ इंची अलॉय फोटोत छान दिसतात, घोडबंदर रोडच्या खड्ड्यात तडकतात. १७ इंची असतील तर भाग्य समजा. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट (पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे) टायर असतात, म्हणजे स्टेपनी नाही. प्रत्येक टायरच्या भिंतीवर फुगवटा आहे का ते आतल्या बाजूनंही बघा. इलेक्ट्रॉनिक शॉक अब्सॉर्बर दहा-बारा वर्षांच्या गाडीत वरदान कमी आणि बिल जास्त. छत कापलेली गाडी मुळात थोडी लवचीक असते, म्हणून पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर टप बंद करून हळू चालवा: पुढच्या काचेची चौकट थरथरते का, खटक्यांपाशी कुईकुई होते का. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक स्वतः ओलांडून बघा. आणि पार्किंग लिफ्टचं असेल तर लांबी-रुंदी मोजाच. शिवाय मागे भिंत खेटून असेल तर टप हलताना डिकीचं झाकण मागे झुकतं, हेही ध्यानात ठेवा.

इंग्लंडात कुठल्याही गाडीचा एमओटी, म्हणजे वार्षिक फिटनेस तपासणीचा, इतिहास नंबर टाकून फुकट बघता येतो: दरवर्षीचं मैलांचं रीडिंग, काय नापास झालं, सगळं. त्या तपासणीत टप चालतो की नाही हे मात्र बघतच नाहीत, म्हणून इथलेही लोक टपाची बिलं वेगळी मागतात. ठाण्यात सर्व्हिसच्या मूळ नोंदी मागा आणि चेसिस नंबर देऊन त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पडताळून घ्या. दिल्लीहून आलेली स्वस्त गाडी असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरूनच किंमत ठरवा. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० तर लागतातच, कर्ज असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५. इन्शुरन्सवाल्याला कापडी टप कुठल्या वर्गात धरणार ते लेखी विचारा, कारण रबर-प्लास्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात.

इंग्लंडात टपाची गाडी हिवाळ्याच्या तोंडावर घेतात, तेव्हा कुणाला नको असते म्हणून भाव उतरतो. ठाण्यात जुलैत बघायला जा. दोन दिवस संततधार लागल्यावर, आदल्या दिवशी विकणाऱ्याला न कळवता. आणि निघताना सीटच्या मागे लावायची वाऱ्याची जाळी मागून घ्या. ती बहुतेक वेळा कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असते, आणि नवी घ्यायला गेलात की जाळीच्या तुकड्याची किंमत ऐकून पुन्हा त्याच माणसाला फोन करावा लागतो.