जिवंत बेअरिंग

बेअरिंग काढायच्या हत्यारांच्या दोन जाती. एक मेलेलं बेअरिंग काढणारी, दुसरी जिवंत काढणारी. पहिल्या जातीला सोलापुरात तोटा नाही. पूर्व भागातल्या कुठल्याही पॉवरलूमच्या शेडमध्ये जा, जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणार्‍याच्या, पेटीत छिन्नी, हातोडी आणि तीन पायांचा पुलर निघणारच. लूमचं किंवा मोटरचं बेअरिंग ओरडायला लागलं की त्याचे दिवस भरले. ते फुटून निघो नाहीतर वाकडं होऊन, जायचं भंगारातच. टॉवेलचा माग बंद राहता कामा नये, एवढंच बघायचं.

मासे धरायच्या गळाच्या रिळातलं बेअरिंग बहुतेक वेळा मेलेलं नसतंच. हिप्परग्याच्या तलावाचं गढूळ पाणी, एखादा रेतीचा कण, जुन्या ग्रीसचा सुकून झालेला चिकटा, एवढ्यानं ते कुरकुरायला लागतं. बाहेर काढून पेट्रोलमध्ये खळखळून धुवायचं, वाळवायचं, पातळ तेलाचा थेंब सोडायचा, पुन्हा फिरतं. म्हणजे ते धडधाकट बाहेर यायला हवं. आणि आकार तर बघा. स्केटच्या चाकातल्या ६०८ नंबरच्या बेअरिंगला आपण लहान म्हणतो, त्याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. बेटकास्टर जातीच्या रिळात दोरी गुंडाळलेली फिरकी, म्हणजे स्पूल, स्वतःच गरगरते; तिच्यावर १० मिलिमीटर व्यासाचं आणि ३ मिलिमीटर छिद्राचं बसवलेलं असतं. स्पिनिंग रिळात स्पूल न फिरता दोरी त्याच्याभोवती गुंडाळली जाते; तिथे दोरी ज्या रोलरवरून वळते, त्याच्या पोटातलं पुष्कळदा ७ मिलिमीटरचं. ज्वारीचा दाणा त्याच्या छिद्रातून जाईलच असं नाही. जॉबरच्या पुलरचा एक पायसुद्धा याच्यापेक्षा जाड. एवढ्याशा बेअरिंगची खास हत्यारं मागवता येतात, पण त्यांची किंमत बघितली की माणूस आपसूक घरातल्या खिळ्यामोळ्यांच्या डब्याकडे वळतो.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. जन्म लूमवर गेला, आता रिटायर. दुरुस्ती कुणाचीही असो, ते खुर्ची घेऊन शेजारी बसणारच. रिळाच्या बाबतीत त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मधी कशाला ठोकलालास बे? बाहेरच्या कडीला धर की." सगळं शास्त्र त्यात आलं. बेअरिंग खोबणीत घट्ट बसलं असेल तर जोर बाहेरच्या कडीवर द्यायचा, दांड्यावर घट्ट असेल तर आतल्या कडीवर. उलटं केलं की सगळा मार छर्‍यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात आणि मग कितीही धुवा, तेल पाजा, ते खरखरतच राहतं.

खोबण आरपार असेल तर काम सोपं. लांब बोल्ट, दोन वायसर, एक नट आणि बेअरिंग ज्यात उतरेल असं पोकळ काहीतरी. माझं पोकळ काहीतरी म्हणजे लूमच्या धोट्यातल्या जुन्या लाकडी कांडीचा कापलेला तुकडा, आतून लेथवर जरा रुंद करून घेतलेला. लाकडाचा फायदा असा की रिळाच्या अंगावर ओरखडा उठत नाही. नट आवळत जायचा, बेअरिंग गुमान कांडीत सरकतं. हातोडीचं नाव नाही.

खोबण मागून बंद असली की खरी गंमत. बेअरिंगच्या पाठीमागे हात पोचत नाही, बाहेरच्या कडीला धरायला जागा नाही. अण्णांचा नियम इथे पाळता येत नाही, आतूनच ओढावं लागतं. माझं आवडतं हत्यार याच अडचणीसाठी आहे. भिंतीत स्क्रू धरावा म्हणून इलेक्ट्रिशियन जो प्लास्टिकचा रावल प्लग ठोकतो, तो. बारीकातला घ्यायचा, ब्लेडनं थोडा तासायचा, बेअरिंगच्या छिद्रात सरकवायचा आणि वरून स्क्रू फिरवायचा. प्लग फुगतो, आतली कडी घट्ट पकडतो. मग पकडीनं स्क्रू धरून सरळ वर ओढायचं, जरासुद्धा तिरकं नाही. जोर छर्‍यांतूनच जातो हे खरं, पण जोर फार झाला तर प्लास्टिक आधी निसटतं. छर्‍यांना इजा व्हायच्या आत हत्यारच माघार घेतं. पोलादी पुलरला एवढी अक्कल नाही. तो बेअरिंगला घेऊनच येतो, मग ते कुठल्याही अवस्थेत असो. ३ मिलिमीटरच्या छिद्रात मात्र प्लग जात नाही, तिथे हा दिमाख संपतो.

दुसरा उपाय कणकेचा. खोबणीत मागे थोडी पोकळी असेल तर बेअरिंगच्या छिद्रातून मळलेली कणीक ठासून भरायची, छिद्रात बेताची बसेल अशी गुळगुळीत दांडी घालायची आणि वरून हलके टोले द्यायचे. कणकेला जायला दुसरी वाट नसते, ती मागून बेअरिंगला ढकलते. मोटारवाले हेच ग्रीस भरून करतात. द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पसरतो हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. कणकेची सोय अशी की ती गळाला लावायला पिशवीत असतेच. मात्र नंतर बेअरिंग लगेच धुवायचं. छर्‍यांत कणीक वाळली तर तिच्यापेक्षा रेती बरी.

उष्णतेचाही उपयोग होतो. रिळाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल तर तापल्यावर तो पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. १० मिलिमीटरच्या खोबणीला ६० अंशांनी तापवलं तर दोघांत साधारण ६ ते ७ मायक्रॉनचा फरक पडतो. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा, पण अडून बसलेल्या बेअरिंगला तेवढी ढील पुरते. हेअर ड्रायर चालतो. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्यावर ठेवलेलं रीळ अर्धं काम फुकटात करून देतं. स्वस्त रिळांचा सांगाडा प्लास्टिकचा असतो, त्यांना उन्हाची ही सवलत नाही.

बेटकास्टरच्या स्पूलवर बेअरिंगला दांड्यात आडवी घातलेली एक बारीक पिन अडवून धरते. ती सरळ रेषेत दाबून काढावी लागते, दांडा मात्र वाकता कामा नये. त्यासाठी नवीन काही बनवायची गरज नाही. घड्याळाच्या साखळीची पिन काढायचं जे छोटं स्क्रूचं हत्यार मिळतं, त्याचा खाचा थोडा कानशीनं रुंद केला की झालं. घड्याळजीनं मला ते विकताना विचारलं, "कुठल्या कंपनीचं घड्याळ?" मी मासे म्हणालो नाही.

एक जागा मात्र माझ्या सगळ्या हत्यारांच्या पलीकडे आहे. रीळ उलटं फिरू नये म्हणून स्पिनिंग रिळात एकाच दिशेनं फिरणारा क्लच असतो. त्यात छर्‍यांऐवजी बारीक रोलर आणि त्यांच्यामागे डोळ्यांना जेमतेम दिसणार्‍या स्प्रिंगा. तो ओढून काढला तर त्यातल्या किती उडतील आणि किती सापडतील याचा भरवसा नाही. त्यात जाड ग्रीस भरलं की रोलर घसरतात आणि रीळ उलटं पळायला लागतं, म्हणून मी जागेवरच पुसतो, अगदी पातळ तेल देतो आणि झाकण लावतो. अण्णांना हे पटत नाही. "काढल्याशिवाय साफ कसं होतंय बे?" कांडीच्या दुसर्‍या तुकड्यातून त्याला वरून धरून ठेवणारी टोपी बनवायची, म्हणजे स्प्रिंगा उडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. टोपीचं माप त्यांनी परवा माझ्याकडून घेऊन ठेवलंय. रीळ मी अजून दिलेलं नाही.