बारा बाय अठरा

ताडपत्री विकतात फुटावर, पण ओळखायची असते वजनावर. मुलांना क्षेत्रफळ शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट मागच्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हती.

धाकट्या भावाची बोलेरो पिकअप आहे. जुन्नर तालुक्यातला भाजीपाला माळशेज घाटातून कल्याणला, कधी वाशीला पोचवायचा, हा त्याचा धंदा. गाडीवरची जुनी ताडपत्री त्याने अंगणात उलगडली, दोन टोकं धरून वर उचलली, तर खाली जमिनीवर उन्हाचे इतके कवडसे पडले की पुतणी ते मोजायला बसली. एकशे चाळीसच्या पुढे तिला कंटाळा आला. जिथे जिथे घडी पडत होती तिथे कागद पिठासारखा चुरत होता. आमच्याकडे प्लास्टिकला कागदच म्हणतात. शेततळ्याचा कागद, कांद्याच्या चाळीवरचा कागद. सातबाराही कागदच, पण तो पावसात न्यायचा नसतो.

"ताई, आळेफाट्याला चल माझ्याबरोबर. चष्म्यातली बाई सोबत असली की दुकानदार जरा दबकून बोलतो."

दबकून वगैरे काही नाही. दुकानदाराने निळी, पिवळी, आणि आतून काळी बाहेरून चंदेरी अशा तीन ताडपत्र्या काउंटरवर आपटल्या, प्रत्येकीचा कोपरा चिमटीत धरून चुरचुर वाजवून दाखवला आणि पिवळीवर हात ठेवून म्हणाला, "दोनशे जीएसएम, मॅडम. डोळे झाकून न्या." जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. नव्वदपासून अडीचशेपर्यंतचा माल दुकानात असतो, आणि हाताला नव्वद आणि अडीचशे एवढंच वेगळं लागतं; मधले सगळे सारखेच. आम्ही बारा बाय अठरा फुटांची घेतली. डोळे झाकूनच.

घरी आल्यावर कांद्याचा वजनकाटा पडवीतच होता. भावाने गंमत म्हणून घडी काट्यावर ठेवली आणि मला शाळेतली सवय नडली. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा चौरस फूट. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट, म्हणजे साधारण वीस चौरस मीटर. दोनशे ग्रॅमच्या हिशेबाने काटा चार किलो दाखवायला हवा. दाखवत होता तीन किलो शंभर ग्रॅम. म्हणजे दोनशे नव्हे, एकशे पंचावन्न.

दुसऱ्या दिवशी परत आळेफाटा. दुकानदार बिलकुल गडबडला नाही. "शिलाईत जातं, मॅडम. बारा-अठरा ही कटिंगची साइज. काठ दुमडून शिवले की अर्धा फूट कमी भरतं." मी म्हटलं, काठ दुमडल्याने लांबी कमी होईल, वजन कसं होईल? दुमडलेला कागद काही उडून गेला नाही, तो तिथेच आहे, दुहेरी. त्याने माझ्याकडे, मग भावाकडे बघितलं, आत गेला आणि दुसरी घडी घेऊन आला. ही खरंच जड होती.

"ही दोनशेची."

"मग ती?"

"तीपण दोनशेची म्हणूनच येते."

जून महिन्यात शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात मी हे उदाहरण फळ्यावर घातलं. इतक्या वर्षांत क्षेत्रफळाच्या गणितावर वर्गातून पहिल्यांदाच आपणहून हात वर आला. "बाई, आमची पण मोजायची का?" चार दिवसांत वर्गातल्या निम्म्या मुलांनी घरच्या ताडपत्र्या काट्यावर चढवल्या होत्या. निकाल मी इथे सांगत नाही. मला अजून आळेफाट्यावरून जायचं-यायचं असतं.

घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांना हा सगळा प्रकारच पोरकट वाटला. त्यांच्या मते गाडीवर टाकायची तर कॅनव्हास. बाकी सगळं खळ्यावर पसरायच्या लायकीचं. त्यांच्याकडे बजाज टेम्पोची मेटॅडोर होती. (त्या कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण 'टेम्पो' हे नाव लोकांनी परत दिलं नाही, आजही कुणाच्याही कंपनीची मालगाडी आली की दारात 'टेम्पो आला'.) त्या मेटॅडोरवरची हिरवट खाकी ताडपत्री मला अजून वासाने आठवते. मेणाचा, गोणपाटाचा आणि ओल्या कुत्र्याचा असा एकत्र वास. तिच्यात हवा खेळायची, खाली माल गुदमरायचा नाही, हे अण्णांचं म्हणणं खरं आहे. पण ती भिजली की दोन माणसांना उचलायची नाही, वाळवली नाही तर काळे ठिपके पडायचे, आणि उंदरांना ती विलक्षण आवडायची. अण्णा उंदरांचा विषय काढला की ऐकू येत नसल्यासारखं करतात.

ताडपत्री या शब्दात ताडाचं पान ऐकू येतं, आणि वस्तूत त्याचा मागमूस नसतो. इंग्रजी टारपॉलिनमधलं टार म्हणजे डांबर. दर्यावर्दी लोक जाड कापडाला डांबर फासून ते मालावर घालायचे. हिंदीत त्याचं तिरपाल झालं. म्हणजे खारं पाणी टाळायला निघालेली वस्तू आमच्याकडे टोमॅटोवर येऊन पोचली.

याच सुमारास मिशिगनच्या आतेभावाचा फोन आला. त्याने फोर्डची एफ-१५० घेतली होती आणि तोही पिकअपला झाकण शोधत होता. दोन महिने. तिकडे त्याला टोनो कव्हर म्हणतात. टोनो म्हणजे फ्रेंचमध्ये पिंप. गुंडाळून ठेवायचं व्हिनाइलचं, तीन घड्यांचं मऊ, तीन घड्यांचंच पण अ‍ॅल्युमिनियमचं कडक, दुकानाच्या शटरसारखं सरकत आत जाणारं, आणि फायबरचं एकसंध, जे वर उचलायचं. त्याने प्रत्येकाचे फायदे-तोटे मांडलेला तक्ता आम्हाला फोनवरच दाखवला. साडेपाच फुटी हौदा, वर बर्फ किती साचेल, मागचा फाळका कुलपात राहील का, कार धुवायच्या मशीनमध्ये चालेल का. भाऊ मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दादा, सगळं कळलं. पण माल काठाच्या वर आला की ते बसणार कसं?"

"वर कशाला येईल? माल आतच असतो ना."

दोन्हीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग भावाने हळूच विचारलं की वर्षभरात हौद्यात नेलं काय काय. बागेत टाकायच्या भुशाची पोती, एक सायकल, आणि एकदा सोफा. सोफ्याच्या वेळी? "तेव्हा कव्हर उघडून घडी करून ठेवावं लागलं," आतेभाऊ म्हणाला. म्हणजे जो एकुलता एक मोठा माल नेला, तो उघडाच गेला. भावाला इतका आनंद झाला की त्याने फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडे जाऊन हसून आला.

मला मात्र तो तक्ता डोक्यातून जाईना. त्यांचं झाकण हौद्याच्या काठाशी संपतं आणि आमचा माल तिथून सुरू होतो. त्यांना गाडी झाकायची असते. आमची गाडी उघडी राहिली तरी चालते. म्हणून त्यांना मापाचं झाकण लागतं, आणि आम्हाला असं लागतं ज्याला स्वतःचं माप नाही, जे रोज वेगळ्या आकारावर बसेल. सोमवारी टोमॅटो, बुधवारी कोबी, शनिवारी कुणाच्या तरी मुलीचा संसार. कपाटाच्या आरशाला चादर आणि चादरीवर ताडपत्री.

टोमॅटोचं सांगते, कारण ते मी जवळून बघितलंय. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव वीस किलोच्या क्रेटवर बोलतात. हौदा नऊ फुटी, रुंदीला साडेपाचच्या आसपास. एका थरात एकवीस क्रेट बसतात. तीन थर, त्रेसष्ट. चौथ्या थरात फक्त बारा, आणि तेही मधोमध, लांबीच्या रेषेत. पहिल्यांदा मला वाटलं वजनामुळे थांबला. वजनाचंही आहेच, पण खरं कारण ताडपत्री. वरचा थर सपाट असला की पावसाचं पाणी मध्ये साचतं, कागद पोटासारखा लोंबतो आणि त्या वजनाने कडेच्या, दोरी ओवायच्या रिंगा फाटतात. ताडपत्री कधीच मधून फाटत नाही. ती आधी रिंगेपाशी जाते. मधले बारा क्रेट म्हणजे घराचं आढं. पाणी दोन्ही अंगांना पागोळ्यांसारखं उतरून जातं. भाऊ दहावीला गणितात पस्तीस मार्कांनी सुटला होता, आणि मी त्याची शिकवणी घ्यायचे.

जुलैत एकदा त्याच्याबरोबर माळशेज उतरले. तिथे एका वळणावर धबधबा थेट रस्त्यावर येतो, आणि हौशी पुणेकर-मुंबईकर गाड्यांची दारं उघडी टाकून, गाणी लावून त्याखाली नाचत असतात. आमच्या टपावर ते पाणी असं कोसळलं की वर कुणी क्रेटभर खडी ओतावी. मी मागच्या काचेतून बघत होते. पिवळा कागद थरथरला, मध्ये जरा दबला, आणि पाणी दोन्ही बाजूंनी सडसडत खाली गेलं. "दोनशे," भाऊ म्हणाला. एवढंच.

घाट उतरून टोकावड्याला चहा. तिथे तो आधी मागे जातो, फाळक्यावरचा कागद वीतभर वर सारतो आणि मगच कपाला हात लावतो. टोमॅटो तोडल्यावरही श्वास घेत असतो, उबारा धरतो. घट्ट बांधला तर आतून घाम सुटतो, आणि कल्याणला ताडपत्री काढली की भिजलेला माल बघून व्यापारी म्हणतो, "पावसात आणलास का?" पावसात आणला तर ओला होतो म्हणून झाकायचा, झाकला तर घामाने ओला होतो म्हणून उघडायचा. पंचाहत्तर क्रेट बसवायला जेवढी अक्कल लागते, तेवढीच ती वीतभर फट ठेवायला लागते, आणि ती मिशिगनच्या तक्त्यात मला कुठे दिसली नाही. त्यात त्यांचा दोष नाही. सायकलीला घाम येत नाही.

एकदाच भावाने फट ठेवली नव्हती. २०२३ च्या जुलैत क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला होता आणि शेतातून, गाडीतून टोमॅटो चोरीला गेल्याच्या बातम्या येत होत्या. त्या रात्री बाजारात गाडी लावल्यावर त्याने चारी बाजू आवळल्या आणि वर चढून ताडपत्रीवरच आडवा झाला. सकाळी खालचे सहा क्रेट मऊ पडले होते. "चोरांनी नेले असते तरी कदाचित चारच नेले असते," तो म्हणतो.

आता गाठीचं. ताडपत्री कितीही भारी घ्या, ती राहते दोरीवर. नायलॉनची दोरी घसरते, काथ्याची धरते पण भिजली की फुगून बसते. म्हणून भाऊ दोरी नायलॉनची घेतो आणि तिच्या टोकाला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या लावतो. खड्ड्यात गाडी आदळली की रबर ताणतं, रिंग वाचते. हौद्याच्या खालच्या अंगाला हुक असतात; दोरी हुकातून वर, रिंगेतून खाली, मध्ये एक फास घालून त्यातून पुन्हा ओढायची, मग दुप्पट ताण येतो. आणि शेवटची गाठ सुरगाठ. एक टोक ओढलं की सगळं मोकळं. यावर त्याचा फार कटाक्ष. हमालांना थांबायला वेळ नसतो; अंधारात, पावसात, बोटं गारठलेली असताना गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे.

एके दिवशी मी हट्टाने मागचा डावा कोपरा बांधायला घेतला. त्याने दोनदा करून दाखवलं. मी तसंच केलं, असं मला वाटलं. ओढून बघितलं, हलेना. छान वाटलं. त्याने मान डोलावली, म्हणजे आता मला वाटतं अंधारात त्याला नीट दिसलंच नव्हतं. त्या रात्री मी गेले नव्हते. पहाटे तीनला फोन वाजला. मागे हमालांचा आरडाओरडा, पाऊस, कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा पिपिप आवाज.

"ताई, झोपलीस का?"

"काय झालं रे? गाडी ठीक आहे ना?"

"गाडीला काय धाड भरलीय. तुझा कोपरा सुटत नाहीये. निरगाठ मारलीस तू."

"मग आता?"

"आता काय. कापला. दोरी हातभर गेली," तो म्हणाला, आणि मग पलीकडे कुणाला तरी, "अरे थांबा, थांबा, आमच्या बाईंशी बोलतोय."