आधीही चौदाच होते

ब्रिजमध्ये रिडबल, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं डबल केलेली पैज आपण पुन्हा दुप्पट करणं, कधी द्यायचं हे मला एका स्कोअरिंगच्या टेबलापुढे ताटकळत कळलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

रत्नागिरीत आम्ही चौघं नानांच्या पडवीत रबर, म्हणजे घरगुती ब्रिज, खेळायचो. २०१८ मध्ये जकार्ताच्या एशियाडला प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकारांनी ब्रिजचं सुवर्ण आणलं, तेव्हा नाना म्हणाले, "आपणही जरा बाहेर पडू." पडलो. पेअर्सची, म्हणजे जोड्यांची स्पर्धा, आठ टेबलं, तोच डाव सगळ्यांना. गावाचं नाव घेत नाही.

मी चार इस्पिक बोललो, म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात करायचे; वल्नरेबल, म्हणजे बोनसही मोठा आणि दंडही. डावीकडच्या गृहस्थांनी डबलचा लाल पत्ता असा आपटला की चहा बशीत सांडला. माझ्याकडे एक्का-राजासकट सात इस्पिकं. बॉक्समधला रिडबलचा निळा पत्ता काढून ठेवला. तिघंही पास. हुकुमाचे दोन हात गेले, चौकटीचा एक, दहा झाले. हातांचे ४८० अधिक गेमचे ५०० अधिक रिडबल पुरं केल्याचे १००, म्हणजे १०८०.

भिंतीवर निकाल लागला तर आमच्यापुढे ७९०. रिडबलचं कोणीतरी डबल करून टाकलेलं! तक्रारीला अर्धा तास. कॉम्प्युटरवाला म्हणे डायरेक्टरला विचारा, डायरेक्टर जेवायला गेलेले. ते आले, कागद दिला, म्हणाले प्रतिस्पर्ध्यांची सही आणा. गृहस्थ पानाच्या टपरीवर. बाहेर धो धो पाऊस, छत्री नानांकडे, नाना कुठे तर दुसऱ्या मजल्यावर. भिजत गेलो, त्यांच्या लाल बोटांनी कागदावर सही घेतली, धावत परत आलो. तीन मिनिटं उरली होती. पोरानं १०८० टाकलं, बटण दाबलं आणि म्हणाला, "काका, आधीही चौदाच होते."

बाकीचे सगळे ६२० नाहीतर ६५०. सर्वांत वर होतो, वरच राहिलो. पेअर्समध्ये तुम्ही किती जणांच्या पुढे एवढंच मोजतात, किती पुढे ते नाही; मागे टाकलेल्या प्रत्येक जोडीचे दोन गुण, सातांचे चौदा. डबलमध्ये झालं की बहुधा टॉप मिळालेलाच असतो. रिडबलनं फक्त प्रतिस्पर्ध्याला वरची बोली देऊन, पाच बदामात वगैरे, पळायची संधी मिळते. माझे गृहस्थ पळाले नाहीत, हे नशीब.

टीमच्या सामन्यात, जिथे फरक किती तेही मोजतात, हेच २९० कामाला आले असते. दुसऱ्या टेबलावर साधे ६२० असतील तर ७९० ला ५ इम्प (फरकावरून मिळणारे गुण), १०८० ला १०. पण एक डाऊन गेलात, म्हणजे एक हात कमी पडला, आणि तिकडेही डबलविना एक डाऊन असेल, तर डबलला ३ जातात, रिडबलला ७. पाच मिळवायला चार लावायचे. फिफ्टी-फिफ्टी वाटत असेल तर मी गप्प बसतो, कारण पळवाट त्यांनाच आहे, आपल्याला नाही. दोन डाऊनची शंका असेल तर विचारही नको; ५०० चे १००० होतात.

रबरचं राहिलंच. तिथे रेषेखाली, म्हणजे बोललेल्या हातांचे गुण बघायचे; शंभर झाले की गेम. दोन किलवर डबलमध्ये झाले तर ८०, गेम नाही. रिडबलमध्ये १६०, गेम. दोन बदाम डबलमध्येच १२०, गेम आपोआप होतो. नाना हे पडवीत बोटं मोजून सांगायचे, आणि मी म्हणायचो, "अहो, वाटा आता."

आणि हो, टेबलावरून उठण्याआधी रिडबलच्या दोन फुल्या लिहिल्यात का ते बघा. पेअर्स असलं तरी मी बघतो.