वजन उतरलं, नाकावरची मशीन नाही उतरली

माझं घोरणं खूप वर्षं कूलरने झाकून ठेवलं होतं. नागपूरवाल्यांना सांगायला नको, मार्च अर्धा झाला की खिडकीत तो लोखंडी डब्बा बसतो आणि मग पाऊस लागेपर्यंत रात्रभर घरात विमान उभं असल्यासारखा आवाज, त्यात कोणी शेजारी ढोल वाजवला तरी कळणार नाही. पावसाळ्यात पंखा फुल स्पीडवर. पंचाईत व्हायची ती दिवाळीनंतर, थंडी पडली की पंखाही बंद आणि बायको उशी घेऊन हॉलमध्ये. २०२२ च्या नोव्हेंबरात एक दिवस सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "अहो, घोरण्याचं मला काही नाही, त्याची सवय झाली, पण मधेच तुम्ही थांबता ना, त्या थांबण्याने माझी झोप उडते."

मोबाईलवर रेकॉर्डच करून ठेवलं होतं तिने. घुर्र, घुर्र, घुर्र आणि मग एकदम काहीच नाही. मी घड्याळ लावून मोजलं, २२ सेकंद. मग पाण्यात बुडालेला माणूस वर येतो तसा एक आचका आणि परत घुर्र सुरू. स्वतःचाच आवाज पण ऐकवेना.

तेव्हा मी ४६ वर्षांचा, वजन १०४ किलो, उंची ५ फूट ८ इंच. दिवसभर डोळ्यावर झापड. छत्रपती चौकाच्या सिग्नलवर लाल दिवा असताना मी चक्क झोपलो होतो, मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून उठवलं, आणि हायवेवर तर मी गाडी मेव्हण्याच्या हाती देऊन टाकायचो कारण तो रस्ता असा सरळसोट की चांगल्या माणसालाही पेंग यावी, माझी काय कथा. रात्री लघवीला तीनदा उठणं होतं, त्याला मी शुगर समजत होतो. शुगर तपासली, नॉर्मल. मग प्रोस्टेट असेल म्हणून तेही दाखवून झालं, तेही नॉर्मल. घोरण्याचा आणि लघवीचा काही संबंध असेल हे डोक्यातही नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा बातम्यांत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲपनिया, म्हणजे झोपेत गळा मिटून श्वास अडण्याचा आजार, हे नाव ऐकलं होतं, पण ऐकून सोडून दिलं.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी घरीच टेस्ट लावली. एक पोरगा संध्याकाळी येऊन छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा लावून गेला. रिपोर्टात एएचआय ४१. म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास एक तर थांबला किंवा अर्धवट झाला, आणि त्यात मोजायला प्रत्येक वेळ किमान १० सेकंदांची धरतात. ५ पर्यंत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. ऑक्सिजन एका क्षणी ७३ टक्क्यांवर गेलेला. लघवीचं कोडंही तिथेच सुटलं. गळा बंद असताना छाती जोर लावते, त्या ओढाताणीत हृदयाला वाटतं की शरीरात पाणी जास्त झालं, ते एक हार्मोन सोडतं आणि किडनी लागते कामाला. प्रोस्टेट बिचारं फुकट बदनाम झालं होतं.

मशीन आली, सीपॅप. नाकावर मास्क, त्याला पाईप, पाईपातून हवेचा दाब, त्या दाबाने गळा उघडा राहतो. माझा पोरगा पहिल्या रात्री म्हणाला "बाबा हत्ती झाले". आठवडाभर मी त्या मास्कला शिव्या दिल्या आणि आठव्या दिवशी सकाळी सहाला आपोआप जाग आली, डोकं हलकं, रात्री एकदाही उठलो नव्हतो. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.

आता वजनाचं. "वजन कमी करा" हे मला त्याआधी किती डॉक्टरांनी सांगितलं असेल, मोजदाद नाही. पण ज्याचा श्वास रात्रभर तासाला ४१ वेळा अडतो तो सकाळी साडेपाचला अंबाझरीला फिरायला जाईल का हो? वरून झोप अपुरी असली की भूक वाढते, आणि ती भूक काकडी मागत नाही, आलूबोंडा मागते. म्हणजे वजनामुळे झोप बिघडते आणि झोपेमुळे वजन वाढतं, बैल घाण्याला जुंपल्यासारखं गोल गोल. मशीनने तो घाणा थांबवला, पण वजन काही मशीनने उतरत नाही. उलट पहिल्या तीन महिन्यांत माझं दोन किलो वाढलं! मी चिडून विचारलं तर डॉक्टर म्हणाले होतं असं, सीपॅप लावणाऱ्यांचं सरासरी थोडं वाढतंच, रात्रभर श्वासासाठी चाललेली कुस्ती बंद होते ना. कमाल आहे, झोपेत आपण व्यायाम करून राहिलो होतो आणि आपल्यालाच पत्ता नाही.

फरक एवढाच की आता अंगात जोर होता. चालणं सुरू केलं, रात्रीचं जेवण साडेदहावरून आठवर आणलं, महिन्यातून तीनदा होणारं सावजी एकदा केलं. रविवारचे तर्री पोहे मात्र सोडले नाहीत, फक्त दुसरी प्लेट सोडली. सव्वा वर्षात १०४ चे ८९ झाले. ते कसे झाले यावर मी लिहिणार नाही, त्याच्यावर सल्ले देणारे गल्लोगल्ली आहेत.

मला जास्त मजा वाटली ती वजन उतरल्यावर गळ्यात नेमकं काय होतं ते कळलं तेव्हा. मी समजत होतो की मान बारीक झाली, झालं काम. पण खरी गोम जिभेत आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी ६७ लठ्ठ पेशंटचे एमआरआय वजन उतरण्याआधी आणि नंतर काढले, २०२० साली ते छापून आलं. वजन सरासरी १० टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि ॲपनिया ३१ टक्क्यांनी, आणि सगळ्यात मोठा हात होता जिभेतली चरबी कमी होण्याचा. जिभेतही चरबी साठते हे मला ४६ वर्षं माहीत नव्हतं. आमची आजी "जिभेवर ताबा ठेव रे" म्हणायची ते वेगळ्या अर्थाने, पण चुकीचं म्हणत नव्हती. पोटाचाही वाटा आहे, पोट आत आलं की फुप्फुसांना झोपेत जागा मिळते, ती फुगली की श्वासनळी खाली ताणलेली राहते आणि वर गळा सहज मिटत नाही, ताणलेल्या पाईपासारखं.

तर ८९ झाल्यावर माझं घोरणं बंद झालं. पूर्ण बंद. बायको उशी घेऊन परत आली, सासूबाईंनी फोनवर अभिनंदन केलं, ऑफिसमधला एक जण म्हणाला "का बे, नवरदेव होऊन राहिला का पुन्हा". आणि मी काय केलं, कोणाला न विचारता मशीन पुसून-बिसून पिशवीत भरून कपाटावर टाकून दिली. घोरणं नाही म्हणजे ॲपनिया नाही, एवढं साधं गणित.

पाच आठवडे गेले. सगळं छान चाललं आहे असं मी सांगत होतो. मग बायकोनेच एकदा विचारलं, "रात्री बाथरूमचा लाईट दोनदा लागतो हल्ली, उन्हाळा आहे म्हणून पाणी जास्त पिता का?" मी हो म्हणालो आणि म्हणता म्हणताच थांबलो, कारण पाणी मी जास्त पीत नव्हतो. तीच जुनी खूण. पण एप्रिल होता, कूलर सुरू होता, गळा काय करून राहिला होता ते ऐकू येणार कोणाला.

परत टेस्ट. एएचआय १७. म्हणजे ४१ वरून निम्म्याहून खाली, पण तरी मध्यम. मी खट्टू झालो तर डॉक्टर म्हणाले की अहो हा उत्तम रिझल्ट आहे, तुम्ही शून्याची वाट पाहत होता ही चूक. मग मी घरी येऊन वाचत बसलो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं लोकांची झोप मोजून २००० साली हिशोब मांडला होता, वजन १० टक्के वाढलं तर एएचआय साधारण ३२ टक्के वाढतो, १० टक्के उतरलं तर साधारण २६ टक्के उतरतो. माझं १४ टक्क्यांच्या वर उतरलं आणि एएचआय जवळजवळ ६० टक्के, म्हणजे सरासरीपेक्षा मी नशीबवानच. दुसरा एक अभ्यास टाईप टू डायबेटीसवाल्या २६४ जणांचा, २००९ चा. ज्यांच्याकडून आहार-व्यायाम नीट करून घेतला त्यांचं वर्षभरात जवळपास ११ किलो उतरलं, आणि तरी ॲपनिया पूर्ण गेला तो शंभरात १३-१४ जणांचा. बाकी सरासरी नुसता कमी झाला. जाणं आणि कमी होणं यात जो फरक आहे ना, तोच मी कपाटावर टाकला होता.

उरलेले १७ कुठले तर बहुतेक उताणं झोपल्यावरचे. कुशीवर ७, पाठीवर ३४. वजन उतरलं की अनेकांचं असं होतं म्हणे, कुशीवरचा ॲपनिया आधी सुटतो आणि पाठीवरचा चिकटून राहतो. शिवाय माझा खालचा जबडा जरा मागे आहे, वडिलांसारखा, ते हाड काही चालून चालून पुढे येणार नाही. आपल्या आशियाई लोकांत हे जास्त दिसतं, चेहऱ्याची ठेवणच अशी की पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनातही गळा अडतो. माझ्या ओळखीतला एक जण ५८ किलोचा आहे, फुंकर मारली तर उडेल, आणि त्याचा एएचआय ३६! त्याला लोक सांगतात वजन कमी कर. काय कमी करेल बिचारा, चष्मा?

वजन उतरवायच्या इंजेक्शनचंही मला चार जणांनी विचारलं. टिर्झेपटाईड, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते लठ्ठ माणसांच्या मध्यम ते तीव्र ॲपनियासाठी मंजूर केलं, ॲपनियासाठी मंजूर झालेलं पहिलंच औषध. वर्षभराच्या ट्रायलमध्ये एएचआय तासाला सरासरी २५ ते २९ ने खाली आला, तुलनेसाठी औषध नसलेलं इंजेक्शन दिलेल्यांचा ५ च्या आसपास. आकडा दणदणीत आहे, नाही म्हणायचं कारण नाही. पण ते लोक ५० च्या घरातून सुरू झाले होते, आणि इंजेक्शन बंद केलं की वजन बरंचसं परत येतं हेही तितकंच खरं. मी घेतलं नाही, मला गरज वाटली नाही आणि सुईची भीतीही आहे, दुसरं कारण जास्त खरं. तुम्हाला घ्यायचं तर तुमच्या डॉक्टरला विचारा, माझ्यासारख्या तर्री पोहेवाल्याला नको.

मशीन कपाटावरून खाली आली. पण एक फायदा सॉलिड झाला, आधी तिला १२ चा दाब लागायचा, आता ८ मध्ये काम होतं. १२ ला चालत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटायचं, ८ ला मास्क आहे हे विसरायला होतं. बायकोने माझ्या जुन्या टी-शर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिस बॉल टाकला, म्हणजे उताणं झालो की टोचतो आणि झोपेतच मी कुशीवर. हा उपाय डॉक्टरांनीच हसत हसत सांगितला होता. अजून सहा-सात किलो उतरले की पुन्हा टेस्ट करू म्हणाले, तोपर्यंत रोज मास्क.

परवा सकाळी मशीनचं ॲप पाहिलं तर प्रेशर (गळा अडला की ती आपोआप वाढवते) रात्रभर ११-१२ च्या आसपास. मी घाबरलो, म्हटलं लग्नसराईचे गुलाबजाम एवढ्या लवकर जिभेत पोचले का. वजन केलं, ८९ च. मग टी-शर्ट काढताना पाठ चाचपली, खिसा रिकामा. पोराला विचारलं तर म्हणतो, "काल मॅच होती ना बाबा, आमचा बॉल नालीत गेला होता." आणि माझा? "तो त्या पिवळ्या बिल्डिंगच्या छतावर गेला."