तुम्ही विचारलंत म्हणून: महेश्वरचे होळकर ‘प्युअर’ आहेत का?

मी महेश्वरी साड्या विकते. कोथरूडात, घरूनच, दुकान वगैरे काही नाही, हॉलमध्ये सतरंजी अंथरायची आणि गठ्ठे सोडायचे. माहेर इंदूरचं. त्यामुळे दोन प्रश्न मला हमखास येतात. पहिला, ‘प्युअर आहे का?’ आणि दुसरा, चहा झाला की, जरा पुढे सरकून, ‘अहो, ते महेश्वरच्या किल्ल्यातले होळकर, ते गोरे आहेत म्हणे, मग ते खरे होळकर आहेत का?’

साडीचं उत्तर सोपंय. मागच्या आठवड्यात एक काकू आल्या होत्या, त्यांचा कशावरच विश्वास नाही, म्हणाल्या जाळून दाखव. मग मी पदराच्या दशीतला एक धागा काढला आणि काठाजवळून एक आडवा धागा ओढला, किचनमधून काडेपेटी आणली. दशीतला धागा नीट जळेचना, केस जळल्यासारखा वास आला आणि टोकाला काळी गोळी झाली, चिमटीत धरली तर भुगा. आडवा धागा मात्र कागदासारखा भुर्रकन गेला, पांढुरकी राख. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे भेसळ आहे.’ मी म्हटलं, काकू, भेसळ काय म्हणता, ताणा म्हणजे उभा धागा रेशमाचा, बाणा म्हणजे आडवा सुताचा, महेश्वरी असतेच अशी, म्हणून तर ती उन्हाळ्यात नेसवते आणि लग्नातही शोभते. त्यांना फारसं पटलं नाही. आणि मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

त्याचं उत्तर लांब आहे, दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

रिचर्ड होळकर, घरातलं नाव शिवाजीराव, जन्म १९४४. वडील यशवंतराव होळकर दुसरे, इंदूरचे शेवटचे राज्य करणारे महाराज. आई युफेमिया क्रेन, अमेरिकन. बापाचं आडनाव लावतात, बाप होळकर, मग खोटे कुठून झाले? संपलं खरं तर. पण विचारणाऱ्याला हे नको असतं, त्याला विचारायचं असतं की मग गादी का नाही मिळाली. कारण गादी नाही मिळाली. ती त्यांच्या सावत्र बहिणीला, उषादेवींना मिळाली, आणि हे का झालं हे कळायला एक पिढी मागे जावं लागतं, त्यांच्या आजोबांकडे.

आजोबा म्हणजे तुकोजीराव तिसरे. त्यांचं नाव काढलं की जुनी माणसं आवाज खाली आणतात. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला, त्याच्यासोबत गाडीत मुमताज बेगम होती, इंदूर दरबारातून निसटलेली, हल्लेखोर तिला परत न्यायला आले होते आणि त्यांचे धागेदोरे इंदूरला पोचत होते. इंग्रजांनी महाराजांपुढे दोन रस्ते ठेवले, चौकशी नाहीतर गादी सोडा. १९२६ मध्ये त्यांनी मुलाच्या नावे गादी सोडली. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम आहे.

मग रिकामे झालेले महाराज युरोपात गेले आणि तिथे त्यांना भेटली नॅन्सी ॲन मिलर, सिॲटलची, विशीतली. महाराज ३७ वर्षांचे, घरी दोन राण्या. गाजलं किती असेल विचार करा, अमेरिकेपर्यंत पेपरांत छापून येत होतं. धनगर समाजात कुरबुर, सनातन्यांचा विरोध, सगळं झालं. पण मार्च १९२८ मध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला हिंदू करून घेतलं, नाव शर्मिष्ठादेवी, आणि चार दिवसांनी बडवाहला नर्मदेकाठी लग्न.

नाव ठेवणारा एकतर फार हुशार असेल नाहीतर फार बेसावध. शर्मिष्ठा म्हणजे असुरांची राजकन्या, परकी, ययातीच्या घरात आलेली, आणि गंमत म्हणजे देवयानीची मुलं बाजूला राहून गादी मिळाली ती शर्मिष्ठेच्या पुरूला! इथे तसं व्हायचा प्रश्नच नव्हता. गादी दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे गेलेली, शर्मिष्ठादेवींना कितीही मुलं झाली असती तरी वाटणीत काही फरक पडणार नव्हता. माझ्या मते सगळ्यांनी इतक्या लवकर गिळलं ते यामुळे. नुसते शंकराचार्य उदार होते म्हणून नाही.

माझी आजी इंदूरची, तिचे आजेसासरे संस्थानात कारकून. ती शर्मिष्ठादेवींबद्दल एकच वाक्य बोलायची, ‘मेम होती गं, पण डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही.’ लहानपणी मला हे मोठं कौतुक वाटायचं. आता वाटतं, बाई समुद्र ओलांडून आली, धर्म बदलला, नाव बदललं, आयुष्य काढलं इथे, आणि मार्क दिले पदराला.

त्यांना मुली झाल्या आणि मुली झाल्या म्हणून गोष्ट किती सरळ झाली बघा. मराठा घराण्यांत स्थळं मिळाली. एक, सीताराजे, कागलच्या घाटग्यांकडे गेल्या. तुम्ही ‘चितचोर’ बघितला असेल, त्यातले विजयेंद्र घाटगे हे त्यांचे चिरंजीव, आणि ‘चक दे इंडिया’तली सागरिका घाटगे ही नात. आता सागरिकाला बघून कुणी विचारतं का की ही प्युअर कोल्हापूरची आहे का? कुणी नाही. उलट ‘आपली कोल्हापूरची’ म्हणून मिरवतो आपण. मुलीचं रक्त मिसळून जातं, कारण तिच्या मागे गादी चालत येत नाही.

आता मधलेच यशवंतराव, रिचर्ड यांचे वडील, १९०८ चे, शाळेपासून इंग्लंडात, नंतर ऑक्सफर्ड. मला विचाराल तर त्या पिढीतले सगळ्यात टेस्ट असलेले महाराज. माणिकबाग पॅलेस त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टकडून बांधून घेतला, तिशीच्या दशकात, एसी असलेला, आतमधलं फर्निचर असं की आजच्या मासिकात छापलं तरी कुणी जुनं म्हणणार नाही. ब्रांकुशी या शिल्पकाराची पक्ष्याची शिल्पं विकत घेतली. पहिली बायको संयोगिताराजे, कागलचीच, दोघांचे मॅन रे या फोटोग्राफरने काढलेले फोटो आहेत, इतके देखणे नवरा-बायको की बघत बसावं. १९३३ ला मुलगी झाली उषाराजे, म्हणजे त्याच उषादेवी, पॅरिसमध्ये. १९३७ ला संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, पंचविशीसुद्धा गाठली नव्हती. त्यानंतर यशवंतरावांनी एका अमेरिकन बाईशी लग्न केलं, ते मोडलं, मग १९४३ मध्ये युफेमियाशी. दुसऱ्या वर्षी रिचर्ड.

(माणिकबागेत आता कस्टम्स आणि सेंट्रल एक्साइजचं ऑफिस आहे. आतलं सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात गेलं. इंदूरच्या माणसाला यावर बोलायला लावू नका.)

तर मुलगा आहे, एकुलता, बाप महाराज, बाप जिवंत असताना बापाला मान्य. तरी १९६१ मध्ये यशवंतराव गेल्यावर भारत सरकारच्या लेखी गादीवर आल्या उषादेवी. आई परदेशी म्हणून मुलगा मागे राहिला असंच इंदुरात सगळे सांगतात. आणि उषादेवींचं लग्न झालं होतं मुंबईच्या मल्होत्रांकडे. म्हणजे इंदूरची महाराणी लग्नानंतर मल्होत्रा, जन्म पॅरिसचा, आणि होळकर आडनाव लावणारा माणूस बिनगादीचा. मुलीला गादी मिळाली याचा मला बाई म्हणून आनंदच आहे, पण मुलगी हवी म्हणून नाही ना दिली, मुलगा नको होता म्हणून दिली.

हे फक्त इंदूरचं नाही हं. दक्षिणेत पुदुकोट्टईच्या राजानं १९१५ मध्ये मॉली फिंक या ऑस्ट्रेलियन मुलीशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला, इंग्रजांनी त्याला वारस मानलंच नाही. गोऱ्यांनीच गोऱ्या आईचा मुलगा नाकारला! कारण उघड आहे, मेमसाहेबाचा मुलगा राजा झाला तर त्याला सलाम कुणी ठोकायचा आणि त्याच्या आईला पार्टीत कुठे बसवायचं, हे त्यांचं त्यांनाच झेपत नव्हतं.

आता याच्या शेजारी टाटांचं घर ठेवा. रतनजी दादाभॉय टाटा, १९०२ मध्ये पॅरिसमध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच मुलीशी लग्न. तिची नवजोत झाली, म्हणजे पारशी धर्मात घेण्याचा विधी, नाव सुनी. मुंबईच्या पारशांत भूकंप, प्रकरण हायकोर्टात. १९०८ चा तो प्रसिद्ध निकाल, न्यायमूर्ती दावर आणि बीमन, थोडक्यात असा की बाप पारशी असेल आणि मुलाची नवजोत झाली असेल तर मूल पारशी, पण बाहेरून आलेल्या बायकोला पंचायतीच्या अग्यारी-दख्म्यांवर, म्हणजे त्यांच्या देवळांवर आणि अंत्यविधीच्या जागांवर, हक्क नाही. घरातली मुलं आत, आई दाराबाहेर. त्या वेळी त्या घरातला एक मुलगा चार वर्षांचा होता, पॅरिसमध्ये जन्मलेला, फ्रेंच बोलणारा. तो १९३८ मध्ये टाटा सन्सचा अध्यक्ष झाला. जेआरडी. कुणी विचारलं का तेव्हा की हा अर्धा फ्रेंच, आपल्या स्टीलच्या कारखान्याचं काय होणार? आणि त्याच घरात पुन्हा, नवल टाटांची दुसरी पत्नी सिमोन स्वित्झर्लंडच्या, लॅक्मे ज्यांनी मोठी केली त्या, त्यांचे चिरंजीव नोएल टाटा आज टाटा ट्रस्ट्सचे चेअरमन, ऑक्टोबर २०२४ पासून.

म्हणजे प्रेम दोन्हीकडे केलं, पैसा दोन्हीकडे होता, आई दोन्हीकडे गोरी. फरक एवढाच की टाटांची खुर्ची घरच्या लोकांच्या आणि बोर्डाच्या हातात होती आणि होळकरांची गादी सरकारच्या सहीवर होती, आधी इंग्रजांच्या, मग दिल्लीच्या. शेअर सर्टिफिकेट कुळी विचारत नाही. सनद विचारते.

आणि गरिबाला तर कुणी काहीच विचारत नाही. आमच्या इंदूरपासून तासाभरावर महू, छावणी, रेल्वे, तिथे अँग्लो-इंडियन घरं होती, बाबांचा एक मित्र होता त्यातला. त्यांच्या पणज्यांची कुणी शंकराचार्य बोलावून शुद्धी केली नाही, हायकोर्टात बॅरिस्टर उभे राहिले नाहीत. दोन्हीकडचे लोक त्यांना ‘आपले नव्हेत’ म्हणाले आणि ते इंजिन चालवत राहिले. श्रीमंताच्या मिश्र पोराला निदान एक फाइल तरी मिळते.

राहता राहिले रिचर्ड होळकर. मी त्यांच्याशी कधी बोललेले नाही, त्यांच्या मनात काय ते मी सांगू शकत नाही. मला दिसतं ते सांगते. शिकले स्टॅनफर्डला, लग्न सॅली यांच्याशी, त्याही अमेरिकनच. दोघं महेश्वरला आले. तेव्हा माग बंद पडायला आले होते, विणकरांची पोरं दुसऱ्या कामाला जात होती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी या दोघांनी रेहवा सोसायटी काढली, बायकांना विणकाम शिकवलं, किल्ल्यातच माग लावले. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात जे विणकर महेश्वरला वसवले त्यांचा धंदा एका गादी नाकारलेल्या होळकरानं आणि त्याच्या टेक्सासच्या बायकोनं पुन्हा उभा करायला हात लावला, हे कुणाला नाटकी वाटेल पण झालंय तसं. मी विकते त्या साड्या सगळ्या रेहवाच्या नाहीत, पण आज महेश्वरात गल्लीतून जाताना जो खटक-खटक आवाज येतो त्यात त्यांचा वाटा आहे. किल्ल्यातल्या राहत्या वाड्याचं हॉटेल झालंय, मला परवडत नाही, मी खाली घाटावरून बघते.

त्यांचे चिरंजीव यशवंतराव, बायको नायरिका, गोदरेज घराण्यातली, गोदरेज अँड बॉइस सांभाळणाऱ्यांपैकी एक. म्हणजे आता पुढची मुलं होळकर, अमेरिकन, पारशी, अजून काय काय. आता शंकराचार्यही लागत नाहीत आणि सरकारची सहीही. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले, गादीच उरली नाही, त्याबरोबर प्रश्नही मिटायला हवा होता. पण तो कोथरूडात अजून विचारला जातो.

का, ते मला त्या दिवशी काकूंमुळे कळलं. हे सगळं ऐकून झाल्यावर त्या जरा वेळ गप्प बसल्या, साडीच्या काठावर बोट फिरवत, आणि मग पर्समधून फोन काढला. म्युनिकमधला नातू. सोनेरी केस, नाक मात्र हुबेहूब काकूंचं, गळ्यात चांदीची साखळी. सून जर्मन. मुंज करायची आहे, मुलगा म्हणतो करू, गुरुजी म्हणतात बघू, धाकट्या जाऊबाई म्हणतात कशाला. ‘तो देशपांडेच ना गं?’ काकूंनी मला विचारलं. मला, साडीवालीला.

मी म्हटलं, काकू, त्याच्या नावावर काही फ्लॅट वगैरे करणार आहात का? म्हणाल्या, हो, कर्वेनगरचा. मग म्हटलं जाऊबाईंचं तेच दुखत असेल, गुरुजी दुसरे बघा.

काकू हसल्या. साडी घेतली, जळकी, म्हणजे जिचे दोन धागे मी जाळले तीच. पैसे मोजता मोजता थांबल्या.

‘ब्लाउजपीस तरी प्युअर आहे ना?’